सुनेचा पट्टा

पळसगढीच्या माणसाला खामगावच्या बाजारात कोणी गाव विचारलं, तर तो नुसतं "गढीचा" म्हणतो आणि पुढं चालू लागतो. कोणती गढी, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसेल तर ती विचारणाऱ्याची चूक.

वरवट बकाल मागं टाकून वान नदीच्या कडेकडेनं खाली उतरलं की सपाट काळ्या रानात मधेच एक पांढरा उंचवटा उभा दिसतो, तीच ही गढी. एलिचपूरला इमादशाही होती त्या काळात देशमुखांच्या मूळ पुरुषानं ती उठवली. आसपास कोसभर हिंडलं तरी दगड मिळायचा नाही, म्हणून पायाला नदीतले गोटे, दरवाज्याला भाजलेली वीट आणि बाकी सगळी पांढरी माती. दगडी किल्लेवाल्यांनी खुशाल हसावं. त्यांच्या किल्ल्यांत आता वटवाघळं राहतात. मातीची गढी मात्र उभी आहे, कारण ती दरसाल थोडी थोडी नव्यानं बांधावी लागते आणि पळसगढीनं ती दरसाल बांधली.

मूळ देशमुखानं हीच जागा का धरली, त्यालाही कारण होतं. या भागात विहीर खणली की खारं पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुणा आला तर चहाची लाज वाटते. गोड पाण्याचा झरा सापडला तो इथंच. देशमुखानं आधी विहीर बांधली, विहिरीभोवती भिंत घातली आणि भिंतीच्या जोरावर बारा गावांची देशमुखी केली. पुढं राज्यं बदलली, निजामाचे आले, इंग्रजांचे आले, पेंढारी तर न सांगताच आले. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत सगळं गाव गुराढोरांसकट गढीत शिरायचं. आत शिरायला मिळायचं म्हणून गावानं भिंत सांभाळायची, असं ठरलं. भिंतीचे पट्टे पाडले आणि घराघराला वाटून दिले. कोणाकडं बुरुजाची कड, कोणाकडं दरवाज्याची बगल.

नियम सोपा होता. गुढीपाडव्यापासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ज्यानं त्यानं आपला पट्टा लिंपायचा. मजुराचा हात चालायचा नाही, शेजाऱ्याचा चालायचा नाही, घरचाच हात पाहिजे. आखाजीच्या संध्याकाळी देशमुख गावाला घेऊन गढीभोवती फिरणार. ज्याचा पट्टा सुका, म्हणजे न लिंपलेला, निघेल, त्याचा पट्टा कायमचा उजव्या हाताच्या घराला. उन्हाळ्यात गोड विहिरीवर घागरी लागायच्या त्या पट्ट्यांच्या मानानं. अवघड पट्टेवाला आधी, सोपा पट्टेवाला मागून.

ही गोष्ट घडली तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कुळकायद्यानं देशमुखांच्या जमिनी कुळांच्या नावावर चढल्या होत्या आणि बारा गावांच्या मालकाकडं पोटापुरतं रान उरलं होतं. अर्जुनराव देशमुख आता स्वतः बाजाराला पिशवी घेऊन जायचे. पण आखाजीच्या संध्याकाळी गढीभोवती सगळ्यांच्या पुढं चालण्याचा मान काढून घेणारा कायदा अजून निघाला नव्हता, आणि निघाला असता तरी गावानं तो मानला नसता.

सगळ्यांत अवघड पट्टा पश्चिमेच्या बुरुजाचा. पावसाचा मारा सगळा तिकडून. तो होता महादेवरावांच्या घराकडं, म्हणजे खरं सांगायचं तर त्यांच्या बायकोकडं, अन्नपूर्णाबाईकडं. कारण हा पट्टा पुरुषांचा नव्हताच. पेंढाऱ्यांनी एकदा पाणी ओतून आणि पहारी घालून तिथं भिंतीला भगदाड पाडलं होतं. गडीमाणसं सगळी दरवाज्यावर. तेव्हा या घरच्या एका नव्या सुनेनं, रुखमानं, अंगावरच्या हळदीनिशी चिखल तुडवला, बायकांची ओळ लावली आणि बाहेरचा फोडतोय तोवर आतून भिंत उभी केली. देशमुखानं तिथल्या तिथं सांगून टाकलं की हा पट्टा या घरच्या सुनेचा. लेकीचा नाही, मुलाचा नाही. तेव्हापासून सासूनं तो सुनेच्या हाती द्यायचा, लिंपण झालं की बुरुजाच्या पोटातल्या देवळीत, म्हणजे कोनाड्यात, सुनेनं गेरूत बुडवलेला उजवा हात उमटवायचा, आणि उन्हाळाभर गोड विहिरीवर पहिली घागर तिची.

अन्नपूर्णाबाईला या मानाचा किती गर्व होता ते विचारू नका. रान चार एकर, घर धाब्याचं, नवरा गाईहून गरीब. पण विहिरीवर तिची घागर भरेपर्यंत देशमुखाच्या घरची बाईसुद्धा पदर सावरून उभी राहायची. "रुखमापासून माह्यापर्यंत एक साल चुकलं नाई," असं ती येता-जाता ऐकवायची. ऐकणाऱ्यांच्या कानाला भोकं पडली होती, पण खोटं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

त्या साली चैत्रात ती विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि उजवा हात मनगटाच्या वर मोडला. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि पावसाळ्यापर्यंत हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. महादेवराव म्हणाले, "दुखते काय?" त्यावर तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. बैलाला नुकतंच पाणी दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई आली. गोजरबाईचा पट्टा त्याच बुरुजाला लागून, वळणापलीकडं, उजव्या हाताला. म्हणजे अन्नपूर्णाबाईचा पट्टा सुका राहिला तर तो जाणार कोणाकडं, हे सांगायला जोशी नको. दोघींचं उभ्या जन्मात सरळ बोलणं झालं नव्हतं आणि एकमेकींशी बोलल्यावाचून दोघींना अन्न गोड लागत नव्हतं.

"कसं वं अन्नपूर्णा, लय दुखते काय?"

"नाई. हात मोडला तं गुदगुल्या होऊन राह्यल्या."

"राग नोको करू माय. मी म्हनलं, आखाजी तोंडावर आली. पट्ट्याचं काय करतं?"

"काय करतं म्हनजे? दरसाल करतो तेच."

"एका हातानं?"

"घरात सून हाय माह्या."

गोजरबाईनं चुलीपाशी बसलेल्या पुष्पाकडं पाहिलं. पुष्पा मलकापूरची. बाप रेल्वेत सांधेवाला, राहायला विटांची क्वार्टर, दाराशी नळ. अन्नपूर्णाबाईचा मुलगा शालिग्राम मलकापुरात कापसाच्या अडतीवर दिवाणजी होता. त्यानं ही पसंत केली आणि घरात आणली. पोरगी शांत होती, कामाला वाईट नव्हती, पण शेणाचा पो उचलताना अजून नाक मुरडायची.

"हाव, हाय ना," गोजरबाई म्हणाली. "रंग कसा छान हाय पोरीचा. मातीत काळवंडन बाप्पा."

ती गेल्यावर अन्नपूर्णाबाईनं कामट्या बांधलेला हात मांडीवर घेतला. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचा राग येत होता. रुखमापासून चालत आलेला पट्टा आपल्या हयातीत, आपल्या मोडक्या हातापायी, त्या गोजरीच्या घशात जाणार. मेल्यावर वर सासूला तोंड काय दाखवायचं? सासू भागीरथीबाई मोठ्या हिमतीची बाई. सन अठराच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तिच्या घरातली तीन माणसं पंधरवड्यात गेली, तरी पुढच्या आखाजीला तिनं अंगात ताप घेऊन पट्टा लिंपला होता. हे ती स्वतःच सांगायची, फार खोलात न जाता.

"पुष्पे," अन्नपूर्णाबाई म्हणाली, "उद्यापासून पायातले जोडवे काढून ठेव. चिखल तुडवाचा हाय."

पुष्पानं मान वर केली. "आत्याबाई, मले जमन काय?"

"न जमाले काय झालं? रुखमाले कोनं शिकवलं होतं?"

शिकवणं सोपं नव्हतं. शिकवणारीला हात नाही आणि शिकणारीला सवय नाही. गढीमागच्या खाणीतून पांढरी माती टोपल्यांनी आणली, तिच्यात तुरीचं कुटार म्हणजे भुसा आणि शेण घातलं, पाणी सोडलं आणि हा गारा तुडवायला पुष्पाला खड्ड्यात उतरवलं. पहिल्या दिवशी ती देवळातल्या ओल्या फरशीवरून चालावं तशी चालत होती. अन्नपूर्णाबाई काठावर बसून ओरडत होती, "टाचेनं वं, टाचेनं! मातीले राग आला पाह्यजे." दुसऱ्या दिवशी पुष्पालाच राग आला. सासूच्या आवाजाचा असेल किंवा गोजरबाई मधूनमधून सहज डोकावून जायची त्याचा असेल. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि दात-ओठ खाऊन अशी तुडवली की शेण-मातीचे शिंतोडे सासूच्या कपाळावर उडाले. अन्नपूर्णाबाईनं कपाळ पुसलं नाही. तिला बरं वाटलं.

"आता एक गोळा घेऊन मार भिंतीले," ती म्हणाली.

पुष्पानं मारला. गोळा चिकटला तो हलेना.

"झाला गारा," सासू म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सुनेला स्वतःच्या हातानं, डाव्या हातानं का होईना, गूळ-पाणी दिलं.

आखाजीच्या सकाळपर्यंत सगळा पट्टा वरपासून खालपर्यंत लिंपून झाला. उरली होती फक्त देवळी. ती शेवटी लिंपायची आणि तिच्यात हात उमटवायचा, अशी रीत. आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरायची असते. तेव्हा अन्नपूर्णाबाई म्हणाली, "मी घरी जाऊन पितराचं पान वाढून येतो, तवरक देवळी लिपून ठेव. हात मी आल्यावर ठेवजो." आणि ती गेली.

पुष्पा देवळीपुढं उभी राहिली. देवळी छातीच्या उंचीवर होती, वरून भिंतीचा छज्जा आल्यामुळं तिथं पावसाचा थेंब पोहोचत नसे. भिंतीची बाहेरची माती दरसाल पावसानं धुपून जायची, देवळीतली तशीच राहायची. तिच्यावर पुढच्या साली नवा थर, त्यावर नवा हात. असं होत होत देवळी आतून भरत आली होती आणि पुष्पाचा पंजा आत नीट मावेना. तिनं बोटं पसरून पाहिली, कडेला घासत होती. आता मलकापूरच्या क्वार्टरला दिवाळीत चुना द्यायचा तर तिचा बाप आधी जुना पापुद्रा खरडून काढायचा. न खरडता वरून फासणं हे त्याच्या लेखी आळशाचं काम. पुष्पाला वाटलं, थोडं खरडलं तर जागाही होईल आणि काम पक्कंही होईल. तिनं खुरपं घेतलं.

पळसगढीत जन्मलेल्या कोणत्याही बाईनं हे केलं नसतं. म्हणूनच अन्नपूर्णाबाईनं ते करू नको असं सांगितलं नव्हतं. जे कोणी कधी केलंच नाही, ते करू नको म्हणून कोण सांगतं?

खुरप्याचं टोक आत शिरलं आणि पुष्पानं जरा जोर दिला. भाकरीहून जाड असा सगळा पापुद्रा एका दमात सुटून तिच्या पायाशी पडला. कांद्यासारखे थर सुटे झाले, आणि प्रत्येक थरावर अर्धामुर्धा लाल रंग. ती खाली वाकून तुकडे जोडत बसली, पण ते काही जोडण्यासारखे राहिले नव्हते.

अन्नपूर्णाबाई आली ती पितरांचा प्रसाद हातात घेऊन. तिनं पुष्पाच्या पायाशी पडलेली माती पाहिली.

"काय केलं वं हे भवाने?" ती म्हणाली. "माह्या सासूचा हात होता तिथं. माहा हात होता."

"मले वाटलं, खरडून काढा लागते," पुष्पा म्हणाली आणि रडायला लागली. "आत्याबाई, मी मुद्दाम नाई केलं वो. तुमी पाहा ना, खाली एक अजून हाय. तो सगळा हाय."

अन्नपूर्णाबाईनं पदरानं देवळीतली धूळ झटकली. आत, जुन्या थरावर, एक लाल हात होता. इतकी वर्षं झाकलेला असल्यामुळं गेरू कालच लावल्यासारखा ताजा होता. ती पाहतच राहिली. मग तिनं डाव्या हाताचं बोट एकेका बोटावर ठेवलं. अंगठा होता. मधलं होतं, करंगळीशेजारचं होतं, करंगळी होती. अंगठ्याजवळच्या बोटाच्या जागी नुसतं एक खोड.

पळसगढीत असा एकच हात होऊन गेला होता, मंजुळाबाईचा. मंजुळाबाई म्हणजे गोजरबाईची सासू. त्या बोटाची गोष्ट गावाला पाठ होती. कापूस वेचताना फुरसं डसलं, तर तिनं आरडाओरडा केला नाही. बोट शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या दगडावर ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, मार विळा. मग चिंधी बांधून कापसाची धरलेली ओळ पुरी केली, असंही सांगतात. ते खरं असो की नसो, बाई जगली आणि पुढं पुष्कळ वर्षं चार बोटांनी घर चालवत राहिली.

अन्नपूर्णाबाई तिथंच मातीच्या ढिगावर बसली. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती. अंगात ताप घेऊन सासूनं पट्टा लिंपला नव्हता. मानमोडीनं तीन माणसं नेल्यावर सासू पुढच्या आखाजीपर्यंत अंथरुणावरून उठलीच नसेल. पट्टा सुका पडला होता. मंजुळाबाईनं नुसतं घरात बसून राहायचं होतं, काहीच करायचं नव्हतं, आणि संध्याकाळी सुनेचा पट्टा, पहिली घागर, सगळं आपसूक तिच्या पदरात पडलं असतं. आणि ती बाई वळण ओलांडून इकडं आली, दुसरीचा पट्टा लिंपला आणि जन्मभर तोंड उघडलं नाही.

आता तिला बाकीचंही आठवायला लागलं. सासू दरसाल पहिला हुरडा मंजुळाबाईकडं पाठवायची. मंजुळाबाईबद्दल वावगा शब्द घरात काढू द्यायची नाही. अन्नपूर्णाबाईला तो सासूचा भित्रेपणा वाटायचा. सासू गेल्यावर तिनं सगळ्यांत आधी काय बंद केलं असेल, तर तो हुरडा. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मोडका हात दुखायचा थांबला.

पुष्पा हळूच म्हणाली, "आत्याबाई, गारा हाय अजून. लिपून टाकू काय? कोनाले दिसनार नाई."

वळणापलीकडं गोजरबाई आपल्या पट्ट्यावर शेवटचा हात फिरवत होती. तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. देवळीवर दोन मुठी माती फासली की झालं, एक साल चुकलं नाही ते नाहीच चुकलं. अन्नपूर्णाबाईला मोह झाला नाही असं नाही. पण आजवर ज्या मानावर ती पाणी पीत आली, तो दुसरीनं राखून दिलेला होता, हे कळल्यावर तो तिला गिळवेना. गर्विष्ठ बाईचं असंच असतं. तिला उष्टं चालत नाही.

"नोको," ती म्हणाली. "बाकी देवळी लिप. तो हात उघडाच राहू दे."

"मंग पट्टा जाईन ना आपला?"

"जाऊ दे," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

संध्याकाळी डफडं वाजत गाव निघालं. पुढं अर्जुनराव देशमुख, डोक्याला वर्षातून एकदा बांधायचं पागोटं. प्रत्येक पट्ट्यापाशी ते थांबायचे, बोटानं माती दाबून पाहायचे, घरच्या माणसाच्या कपाळाला तीच माती लावायचे आणि पुढं जायचे. पश्चिमेच्या बुरुजापाशी आले, बोट दाबलं आणि मान डोलावली. "छान लिपलं," ते म्हणाले. मग देवळीत पाहिलं आणि थांबले.

"हे काय अन्नपूर्णाबाई? यंदाचा हात कुठं हाय?"

"यंदाचा हात ठेवला नाई," ती म्हणाली. "पहिले हा पाहा. बोटं मोजा."

डफडं थांबलं. लोक पुढं सरकले. गोजरबाई वळणापलीकडून आली आणि गर्दीतून वाट काढत देवळीपाशी उभी राहिली. अन्नपूर्णाबाई उभ्या गावासमोर बोलली आणि एकही शब्द गिळला नाही. मानमोडीनंतरच्या आखाजीला आमचा पट्टा सुका होता. माझी सासू पडून होती. तो मंजुळाबाईनं लिंपला. नियमानं घरचाच हात पाहिजे, म्हणजे त्या सालापासून हा पट्टा आमचा नाही, गोजरबाईच्या घरचा आहे. इतकी वर्षं पहिली घागर मी भरली, ती तिची होती.

अर्जुनराव देवळीतल्या हाताकडं पाहत होते.

"मी होतो त्या दिवशी माह्या वडलासंगं, आबासाहेबांसंगं," ते म्हणाले. "बारका होतो. मी म्हनलं, आबा, एक बोट कमी हाय. तं त्यायनं माह्या पाठीत असा धपाटा घातला का मी रडत घरी गेलो. काऊन मारलं ते आज समजून राह्यलं."

मग ते गोजरबाईकडं वळले. "बोल गोजरबाई. नियमानं पट्टा तुहा होते."

गोजरबाईला हा पट्टा लग्न होऊन आल्यापासून हवा होता. गावात शेंबडं पोरही हे जाणत होतं. ती देवळीजवळ गेली, तो लाल हात तिनं पाहिला, आणि अंगठ्याजवळच्या त्या रिकाम्या जागेवर स्वतःचं बोट ठेवून उभी राहिली. सासूनं तिलाही हे सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"मले पाह्यजे होता," ती म्हणाली. "आखाजी आली का मी दरसाल इकडं पाहो, सुका राह्यते काय म्हनून. आन् माही सासू इथं येऊन लिपून गेली होती. तिनं राखला तो मी उचलू काय? सासूनं देल्लं आन् सुनेनं ओढून घेतलं, असं म्हनतीन लोकं. राहू द्या. पट्टा त्यायचाच."

"फुकट घेनार नाई मी," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"मंग काय करतं? मले घागर भरून देतं काय?"

गेरूची वाटी अन्नपूर्णाबाईनं डाव्या हातात उचलली आणि पुष्पासमोर धरली. तिनं उजवा पंजा गेरूत बुडवला. खरडल्यामुळं देवळीत आता जागा झाली होती, मंजुळाबाईच्या हाताशेजारी आणखी एक हात नीट मावत होता.

पुष्पा हात टेकवणार, तेवढ्यात सासूनं तिचं मनगट धरलं.

"थांब पुष्पे. अंगठ्याजवळचं बोट वर उचलून धर. ते टेकू देऊ नोको."

पुष्पाला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं ते बोट ताठ वर धरलं आणि बाकीचा पंजा ओल्या मातीवर दाबला. काढला तेव्हा जुन्या हाताशेजारी तसाच एक नवा हात उमटला होता. एक बोट कमी असलेला.

गोजरबाईच्या तोंडून हुंदका फुटला. अन्नपूर्णाबाई गावाकडं वळली. दुखरा हात छातीशी धरून ती इतकी ताठ उभी राहिली की तिच्या मागं तो बुरुज ठेंगणा वाटावा.

"आयका," ती म्हणाली. "आमच्या घरच्या सुनांचा हात आता इथं असाच उमटन. माह्या सुनेचा, तिच्या सुनेचा, जवरक गढी हाय तवरक. कोनी इचारलं का बोट कुठं गेलं, तं सांगजा, ते मंजुळाबाईचं हाय."

अर्जुनरावांनी देवळीखालची ओली माती बोटावर घेतली. पुष्पाच्या कपाळाला लावली आणि मग, रीत नसताना, गोजरबाईच्याही लावली. डफडेवाला तोंड उघडं टाकून देवळीकडं पाहत राहिला होता.

"थांबला काऊन बे?" अर्जुनराव म्हणाले. "वाजव."